परवानगी नसलेली अक्षरं

बारानकिया शहराच्या कार्निवलमध्ये निकोलासाबाईंचा ताफा कुंबिया नाचतो तो अनवाणी, आणि दरवर्षी नेमका सजवलेल्या गाढवांच्या मागे येतो. समितीच्या बैठकीत ठरतं एक. मग अध्यक्ष एव्हारिस्तो किरकोळ दुरुस्ती करतो, की गाढवं पुढे आणि बायका मागे. पूर्वी मिरवणुकीचा क्रम भिंतीवर खडूने लिहीत. तेव्हा निदान खाडाखोड करणाऱ्याच्या हाताला खडू लागायचा. आता सगळं कॉम्प्युटरवर.

यंदा क्रमाचं प्रेझेंटेशन बाईंच्या सुनेने, यानेरिसने केलं. जुन्या बसगाड्यांवर रंगवत तशा वळणदार अक्षरांत. समितीला पाठवताना ती थांबली.

"आई, हा फॉन्ट बदलते. त्याचा परवाना भारी खडूस आहे. फॉन्ट फाइलसोबत जातो, पण मग समोरच्याला ती नुसती वाचता येते. एक टिंबही हलवता येत नाही."

"कोणालाच नाही?"

"कोणालाच नाही."

"एव्हारिस्तोला?"

"त्याच्या बापालाही नाही."

"मग राहू दे की. किती देखणी अक्षरं आहेत. गाढवं आपल्या मागे लिहिलीस ना?"

"लिहिली."

"आणि गाढवांच्या मागे कोण?"

"शाळेची पोरं."

"अगं, लहान आहेत ती, त्यांना पुढे घे. तिथे एव्हारिस्तोचा ताफा घाल. सगळ्यांना पांढरे बूट शिवलेत म्हणे यंदा."