डावीकडून तिसरी

"डावीकडून तिसरी. घागर घेऊन गिरकी मारते ना, ती मीच! डोळ्याचं पातं लवू देऊ नका," शालनताईंनी शाळामास्तर नवऱ्याला पुन्हा बजावलं.

लग्नाआधी कोल्हापुरात त्या एका सिनेमात नाचणाऱ्या पोरींच्या घोळक्यात होत्या. मास्तरांनी ते आजवर हसण्यावारीच नेलं होतं. आज तोच सिनेमा या जुन्या टॉकीजला मॅटिनीला लागला होता. इथं जुने सिनेमे अजून रिळांवरच चालत, आणि पब्लिकनं वन्समोर दिला की ऑपरेटर रीळ मागं फिरवून गाणं पुन्हा लावायचा.

ढोलकी कडाडली. शालनताईंच्या पायांनी खुर्चीखाली आपोआप ठेका धरला. पोरींची रांग आली, घागर फिरली, सतरा वर्षांची शालन पडदाभर हसली आणि गेलीसुद्धा.

"बघितलंत?"

मास्तर खाली वाकून अंधारात चाचपडत होते. "चष्मा पडला गं. आली होतीस?"

शालनताईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं.

तेवढ्यात शेजारची खुर्ची करकरली. आयुष्यभर वर्गात पोरांना "शांत बसा" म्हणणारे मास्तर चष्मा चढवून उभे राहिले, तोंडात दोन बोटं घातली आणि टॉकीज दणाणेल अशी शिट्टी ठोकली.

"वन्समोर!"

सगळं पब्लिक ओरडायला लागलं. पडदा पांढरा झाला. जरा वेळानं ढोलकी पुन्हा कडाडली.

"वो काका, खाली बसा की! काय दिसंना झालंय!"

"बसतो रे," मास्तर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "आधी माझी बायको येऊ दे."