पाचवा सिलिंडर

सासूबाईंची गाडी दुरुस्त करणं म्हणजे जावयाची परीक्षाच. मी बिघाड वाचायचा स्कॅनर जोडला. स्क्रीनवर कोड आला: ‘पाचव्या सिलिंडरमध्ये बिघाड.’

गाडीला सिलिंडर चारच.

“काय निघालं, जावईबापू?” सासूबाई गॅरेजमध्ये खुर्ची टाकून माझ्या डोक्यावरच बसल्या होत्या.

“काही नाही, स्कॅनरला वेड लागलंय,” म्हणत मी कोड पुसून टाकला. आमच्या धंद्यात निम्मे आजार असेच बरे होतात. पण इंजिन चालू केलं आणि कोड हजर. पुन्हा पुसला, पुन्हा हजर.

मग मीही हट्टाला पेटलो. चालत्या इंजिनात एकेका सिलिंडरची वायर काढत गेलं की दुखणाईत कोण ते आवाजावरून कळतं. पहिली काढली, इंजिन अडखळलं. दुसरी काढली, धापा टाकू लागलं. तिसरीला आचके देऊ लागलं. चौथी काढल्यावर ते बंदच पडायला हवं होतं.

ते निवांत, एका लयीत चालू लागलं.

चारही वायरी बाहेर लोंबत होत्या. स्क्रीनवर आलं: ‘बिघाड नाही.’

सासूबाई उठून आल्या आणि इंजिनाकडे मायेनं बघत म्हणाल्या, “मी लेकीला कधीची सांगतेय, पाचव्याला गर्दी सोसत नाही.”