बेरजेची ओळ

“त्रेसष्ट टक्के,” ड्वेन म्हणाला आणि त्याने पेन पुढे केलं. “एकट्या तुझ्या ओळीवर, लॉर्न. आता मी वर काय सांगू?”

शेजारच्या टेबलाशी बसलेल्या मार्लिसने मान वर केली नाही. तिला सगळं ऐकू येत होतं. दीड महिना सरोवरावरच्या बर्फाचा अंदाज दोन-दोन तास उशिरा निघत होता आणि डुलुथच्या बंदरात जहाजं त्यासाठी अडून राहत होती. प्रोग्रामचा वेळ कुठे जातो, ते मोजायला प्रोफायलर लावला, तर त्याने लॉर्नची तीस वर्षांपूर्वीची एक ओळ लालभडक करून दाखवली. साधी बेरजेची ओळ.

“बेरीज जमत नाही म्हणून घरी बसणारा मी पहिलाच असेन,” लॉर्न म्हणाला. कुणी हसलं नाही. निवृत्तीच्या कागदावर त्याने न वाचताच सही केली.

“केक आणलाय रे,” ड्वेन हळूच म्हणाला. “गाजराचा. तुला आवडतो ना?”

मार्लिसला ते त्रेसष्ट टक्के पटत नव्हते. तिने तोच निकाल आपल्या पडद्यावर घेतला. डावीकडे टक्के, मध्ये कोड. मग तिने उजवीकडचा तिसरा रकाना उघडला. ड्वेन तो कधी उघडत नसे. एकेका ओळीसाठी संगणक प्रत्यक्षात कोणकोणत्या सूचना पाळतो, त्यांची ती यादी.

लाल रंग बेरजेच्या सूचनेवर होता. पण बेरजेला वेळ लागतच नाही. तिच्या वरची सूचना मेमरीतून आकडा आणण्याची होती. आकडा लांब ठेवलेला असला की तिथे खोळंबा होतो, आणि प्रोफायलरची खूण पडते ती पुढच्या सूचनेवर. रांगेत एकाने खोळंबा करावा आणि ओरडा त्याच्या मागच्याने खावा, तसं.

आकडा आणणारी ती सूचना लॉर्नच्या ओळीतली नव्हती, तिच्या वरच्या ओळीतली होती. ती ओळ कुणाची, हे मार्लिसला शोधावं लागलं नाही. ऑक्टोबरात आकड्यांचा तक्ता नव्याने मांडून आकडे असे लांब नेले होते ते तिनेच.

ड्वेन कागदाची घडी घालत होता. मार्लिसचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. तो दारापर्यंत पोचला.

“ड्वेन, थांब. ती ओळ लॉर्नची नाही. माझी आहे.”

दोघं तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. तिने पडद्यावर बोट ठेवून एकेक सूचना समजावली. ड्वेनचे कान लाल झाले.

“तुझं आपण सोमवारी बघू, मार्लिस,” तो म्हणाला. “सोपं जाणार नाही, आत्ताच सांगतो. आणि लॉर्न, माफ कर बाबा. हा कागद मी फाडतो.”

“फाडू नकोस.”

लॉर्न चष्मा कपाळावर सरकवून तिसरा रकाना वाचत होता. वाचताना त्याचे ओठ हलत होते.

“अहो, पण चूक तुमची नाहीये!” मार्लिस म्हणाली. “तुमची ओळ अगदी बरोबर आहे.”

“ओळीचं म्हणत नाही मी. तीन दिवस या पडद्यासमोर बसलोय. हा रकाना उघडावा, असं मनातसुद्धा आलं नाही.” त्याने तिच्याकडे पाहिलं. आवाजात खरंखुरं कौतुक होतं. “हुशार आहेस, पोरी. एक घर वर बघायचं, हे तुला कुणी शिकवलं?”

मार्लिसने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

“तुम्हीच,” ती म्हणाली. “मी आले त्या पहिल्या आठवड्यात.”

“असं का,” लॉर्न म्हणाला. ज्याचा चेहरा काही केल्या आठवत नाही अशा माणसाची कुणी ओळख करून द्यावी, तशी त्याने अदबीने मान हलवली.