हिरवं राहिलेलं झाड

संशोधन केंद्राच्या प्लॉटमधली सारी भेंडी जांभळी पडली होती. विषाणू शिरताच पानांनी रंग बदलून तसं सांगायचं, ही सोय बियाण्यातच आल्यापासून केवडा रोग कुणी वेगळा तपासत नसे. एकच झाड मात्र हिरवंगार होतं.

"रोगाला दाद न देणारं झाड मिळालं, वैजयंतीबाई!" केंद्रप्रमुख सबनीससर हरखले. "यंदाच बी काढून गावोगाव देऊ."

वैजयंती तांबटच्या मनात पाल चुकचुकली. रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माश्या त्याच झाडावर सर्वांत जास्त बसल्या होत्या.

"पंधरा दिवस थांबा, सर."

"तुम्हाला चांगलं काही बघवतच नाही," सर चिडले, पण थांबले.

तिने त्या झाडाची फांदी एका निरोगी रोपावर कलम केली आणि माश्या शिरू नयेत म्हणून रोप जाळीत ठेवलं. तेराव्या दिवशी खालचं रोप जांभळं झालं. वरची फांदी हिरवीच होती, तिला कळ्याही आल्या होत्या. विषाणू तिच्यात भरलेला होता, पण ती तो दाखवत नव्हती.

सरांचा चेहरा उतरला. "मग आजवर आपण हिरवी बघून पास केलेली झाडं?"

कलमाचा चाकू घेऊन वैजयंती पलीकडच्या हिरव्यागार प्लॉटकडे निघाली.