बेटावरची शाळा

"आई कुठं हाय?" धनंजयने फोनवर विचारलं.

बबनरावांनी उत्तर जुळवून ठेवलं होतं. "आर्वीले गेली. तुह्या मावशीचा पाय मुरगळला."

"फोन नाई नेला?"

"तिचा फोन कधी चार्ज राहते का रे?"

धनंजय हसला. इकडे दारात उभी असलेली त्याची बायको सुरभी तोंडाला पदर लावून आत गेली.

आर्वीला कोणी गेलं नव्हतं. आदल्या दिवशी देवकाबाईंना अग्नी दिला होता, आणि मुलगा असताना तो नवऱ्याने दिला होता.

धनंजय आंजीच्या शाळेत मास्तर. एका खोलीत चार इयत्ता शिकवायच्या, ही त्याची रोजची कसरत. नॉर्वेतल्या एका बेटावरची शाळाही अशीच चालते. तिथे काही आठवडे राहून शिकवायचं आणि शिकून यायचं, यासाठी त्याची निवड झाली होती. देवकाबाईंनी गल्लीभर पेढे वाटले. पूर्वी एकदा त्या आजारी पडल्या म्हणून तो पुण्याचं प्रशिक्षण अर्ध्यावर टाकून आला होता. ती संधी पुन्हा आली नाही. देवकाबाईंना ते कायम टोचत राहिलं.

दवाखान्यात, छातीवर हात दाबून, त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "माह्यापायी एकडाव सोडून आला. या खेपेले त्याले बलावू नका. काही झालं तरी. कबूल करा."

बबनराव 'हो' म्हणाले. मग तो 'हो' निस्तरणं आलं.

गावात त्यांनी हात जोडून सांगितलं की धनूला कळवू नका. शाळेतही सांगितलं. आपलं मुंडण केलेलं डोकं दिसलं तर विचारायला काही उरणार नव्हतं, म्हणून पोराला म्हणाले, "व्हिडिओ नको लावू. मले कानानं पुरते."

सगळ्यांनी ऐकलं. चुलतभाऊ चंद्रभान मात्र ओट्यावर बसून ऐकवून गेला.

"अग्नीचा हक पोराचा राह्यते, बबनभाऊ. तुम्ही हिसकला. आल्यावर तो तुमचं तोंड पाहीन काय?"

"तिनं सांगतलं होतं."

"ती गेली. जाब तुमाले द्या लागन."

रात्रंदिवस बबनरावांच्याही मनात तेच होतं.

पुढच्या फोनसाठी त्यांनी नवी सबब तयार केली. मावशीला प्लास्टर बसलं. पण त्या दिवशी धनंजय शाळेबद्दलच बोलत राहिला. पोरं बर्फातही मधल्या सुट्टीत बाहेर खेळतात. मोठी पोरं लहानांना वाचून दाखवतात. मास्तर आवाज चढवत नाही. आवाज थोडा बसला होता त्याचा.

"सर्दी झाली का रे?"

"थंडी लय हाय, बाबा. आज इथल्या बाईचा वाढदिवस होता. साऱ्या पोट्ट्याइनं केक खाल्ला."

"तू नाई खाल्ला?"

"नाई. पोट ठीक नव्हतं."

फोन ठेवल्यावर बबनरावांच्या लक्षात आलं, त्याने आईला विचारलंच नव्हतं. सबब तशीच राहिली. त्यांना हायसं वाटलं.

त्यानंतरच्या फोनवरही त्याने विचारलं नाही. त्याच्या नंतरही नाही. शाळा, बर्फ, समुद्र, पोरं. मग हायसं वाटायचं थांबलं. तेरवी झाली, पाहुणे गेले, घर ओस पडलं, आणि एक प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. चार दिवस परक्या मुलखात राहिला, तर ज्या बाईने याच्यासाठी मरताना तोंड मिटून घेतलं, तिची याला साधी आठवण येऊ नये?

चंद्रभानने तेही हेरलं. "गोऱ्याइच्या गावात मायले विसरला म्हणा की."

"गप राह्य, चंद्रभान."

"मी गप राह्यतो. पण विचारत तं नाई ना तो?"

एका संध्याकाळी बबनरावांना राहवलं नाही. धनंजय काही सांगत होता, तो मधेच तोडून ते म्हणाले, "तुही माय बरी हाय, बरं का. तू विचारत नाईस, म्हणून सांगतो."

फोन कटला की काय, असं त्यांना वाटलं.

"हो, बाबा," धनंजय म्हणाला. "तुम्ही जेवले काय?"

"जेवलो."

"येळेवर जेवत जा."

बबनरावांनी रागाने फोन सुरभीच्या हातात दिला. ती तो घेऊन नेहमीसारखी अंगणाच्या पार टोकाला गेली आणि हळू आवाजात बोलू लागली.

तो यायच्या दिवशी सुरभी सासऱ्यांना म्हणाली, "मी सांगू काय त्याइले, मामाजी?"

"नाई. खोटं मी बोललो. मीच सांगीन."

घरात हार घातलेला फोटो होता. धनूने तो बघून समजावं, हे त्यांना नको होतं. रस्त्यातच सांगायचं ठरवून ते बसस्टँडवर गेले. मागे सुरभी उभी राहिली. ऊन चढत होतं. मनात वाक्यं जुळत होती आणि मोडत होती. पोराने अंगावर ओरडावं, शिव्या घालाव्या, आल्या पावली परत जावं, सगळं सोसायची त्यांनी तयारी केली होती.

वर्ध्याहून आर्वीची गाडी आली. धनंजय उतरला. गालफडं बसली होती. डोक्यावर कान झाकणारी टोपी होती. या उन्हात ती काऊन, असा विचार बबनरावांच्या मनात येऊन गेला, पण ते त्याच्याकडे नीट पाहू शकले नाहीत. नजर त्याच्या बुटांवर ठेवूनच ते बोलू लागले.

"धनू, घरी जायच्या आंधी आयक. मी तुह्याशी खोटं बोललो. तुही माय..."



धनंजयने बॅग खाली ठेवली. टोपी काढली आणि पायांवर वाकला. सवयीने बबनरावांचा हात आशीर्वादासाठी त्याच्या डोक्यावर गेला. बोटांना टोचले ते मुंडणानंतर नुकते उगवलेले खुंट, आणि मागच्या बाजूला, कोणीतरी परक्या मुलखात आपल्याच हाताने चाचपडत राखावी तशी, वाकडी शेंडी.