आमोदचा पास्ता

“मीठ किती वेळा टाकलंस?”

आमोदने तीन बोटं वर केली.

चंद्रभागाबाईंनी चमचाभर पाणी जिभेला लावलं आणि बेसिनमध्ये थुंकलं. पातेलंभर पाणी ओतून द्यावं लागणार होतं. मे महिना होता. सोसायटीत टँकर परवा येऊन गेला होता आणि पुढचा कधी येईल ते वाघोलीत कुणीच सांगू शकत नव्हतं.

“सॉरी, आई,” आमोद म्हणाला. रोजच म्हणायचा.

आमोदला पास्ता शिकवण्याचा आज बारावा दिवस होता. तो चौतीस वर्षांचा होता. बुद्धीची वाढ आठ-नऊ वर्षांच्या मुलाएवढीच राहणार, असं डॉक्टरांनी केव्हाच लिहून दिलं होतं. दाढी स्वतःची स्वतः करायचा, वीसपर्यंत मोजायचा, सकाळी कार्यशाळेत जाऊन कागदी पिशव्या चिकटवायचा. स्वयंपाकघरात मात्र त्याचं कधी काम पडलं नव्हतं.

पास्ता त्याच्या मोठ्या बहिणीने, आम्रपालीने सुचवला होता. कणीक मळणं त्याला जमलं नसतं आणि कुकरची शिट्टी झाली की तो कानांवर हात ठेवून गॅलरीत पळायचा. यात तसलं काहीच नव्हतं. टोमॅटो चिरायचे, त्यात ठेचलेला लसूण, मीठ, ऑलिव्ह ऑइल आणि बेसिलची पानं घालायची आणि वाडगा झाकून ठेवायचा. शिजवायच्या त्या फक्त पास्ताच्या नळ्या. त्याही नऊ मिनिटं, आपोआप बंद होणाऱ्या इंडक्शनच्या शेगडीवर. मग झाऱ्याने उचलून वाडग्यात टाकायच्या आणि कालवायचं. “फोडणीसुद्धा नाही, आई,” आम्रपाली म्हणाली होती. “या उकाड्यात तर फारच बरं.”

चंद्रभागाबाईंचं दुखणं स्वादुपिंडाचं होतं. डॉक्टर आता वर्षांची भाषा बोलत नव्हते, महिन्यांची बोलत होते. आमोदला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याला काय कळणार, असं दोघी मायलेकींनी ठरवून टाकलं होतं. पुढे आम्रपालीच त्याला हिंजवडीला आपल्या घरी नेणार होती. पण सकाळी आठला ती कंपनीच्या बसमध्ये बसली की परतायला रात्र व्हायची.

“मी डबा करून ठेवत जाईन गं,” ती म्हणायची.

चंद्रभागाबाईंचा डब्यावर भरवसा नव्हता. एखाद्या दिवशी डबा करायचा राहून जाईल. पोरगी आजारी पडेल, गावाला जाईल. मग हा बंद दाराआड उपाशी बसून राहील आणि कुणाला हाकसुद्धा मारणार नाही. भूक लागली तरी तो मागायचा नाही, ही त्याची लहानपणापासूनची खोड त्यांना ठाऊक होती.

महापालिकेच्या शाळेत त्यांनी तेहतीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला होता. पाटी उलटी धरणारी मुलं त्यांच्या हाताखालून लिहिती होऊन गेली. मुलं तीच ती चूक पुन्हा पुन्हा करतात आणि मग एक दिवस करत नाहीत, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. आमोदची चूक मात्र रोज नवी असायची. पहिल्या दिवशी सगळं नीट झालं आणि अगदी शेवटी वाडगा त्याच्या हातातून फरशीवर पडला. त्या दिवशी त्या हसल्या होत्या. मग एकदा नळ्यांची पेज झाली. एकदा तो लसूण विसरला. काल साखर घातली. आज हे मीठ.

पोटात कळ आली. ओट्याची कड धरून त्यांनी ती जाऊ दिली. कळ गेली, पण राग गेला नाही.

“मी जन्मभर पुरणार आहे का तुला सांगायला?” त्या ओरडल्या आणि त्यांनी आमोदच्या थोबाडीत मारली.

कुणा मुलावर हात उचलायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. त्या मटकन खुर्चीत बसल्या.

आमोद रडला नाही. त्याने खारट पाणी ओतून दिलं, पातेलं विसळलं, पिंपातून मोजून चार तांबे घेतले. एक चमचा मीठ टाकलं. पाणी तापेपर्यंत चार टोमॅटो चिरले, सगळ्या फोडी एकसारख्या. लसूण ठेचला, तेल घातलं, पानं हातांनी तोडून टाकली. पाण्याला उकळी आल्यावर नळ्या सोडल्या आणि नऊ मिनिटं घड्याळासमोर उभा राहिला. मग एकेक झारा निथळून वाडग्यात घेतला आणि खालून वर हलक्या हाताने कालवलं. एवढ्या वेळात त्याने एकदाही आईकडे वळून पाहिलं नाही.

ताटली त्याने त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी एक घास घेतला. कित्येक दिवसांत तोंडाला चव नव्हती. आज आंबटपणा लागला, लसूण लागला. मीठ अगदी बेताचं होतं.

“जमलं की रे!” त्या म्हणाल्या. “आमोद, जमलं तुला! थांब, ताईला सांगते.”

त्यांनी फोन उचलला. आमोदने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

“ताईला नको सांगू.”

“का रे?”

“तू ताईला फोनवर म्हणालीस, ‘त्याला एवढं जमलं की मी सुटले, मग मी मरायला मोकळी.’” तो एकेक शब्द पाठ केल्यासारखा म्हणत होता. गालावर बोटं उमटली होती. “मी ऐकलं.”

त्यांनी फोन खाली ठेवला.

“आई,” आमोद म्हणाला, “मला पहिल्याच दिवशी जमलं होतं.”