वाढ

एकट्या राहणाऱ्या सत्यभामाबाईंना दिसत नव्हतं, म्हणून शेजारची अमीरबी दर महिन्याला त्यांचा हात धरून हट्टा गावच्या पोस्टात निराधाराचा पगार घ्यायला न्यायची. दोन्ही वेळच्या भाकरीही तीच करून द्यायची, ठरलेल्या पैशात.

त्या दिवशी हातात आलेल्या नोटा चाचपून सत्यभामाबाई घाबरल्या.

"मास्तर, जास्तीच्या आल्या. पुन्हा मोजा."

"बराबर हायत, आजी. महागाई वाढली म्हणून सरकारनं पगार वाढवला."

सत्यभामाबाई खिडकीशी तशाच उभ्या राहिल्या. "मुंबईत बसलेल्याला हट्ट्यातलं तेल-मीठ महागलेलं कळलं? म्या तर कुणाला बोलले बी न्हाई!"

बाहेर आल्या तेव्हाही त्यांचा चेहरा देवदर्शन करून आल्यासारखा होता. वाटेत त्या मधेच थांबल्या.

"अमीरबी, जवारी एवढी महागली, तरी तू भाकरीचे पैसे तेवढेच घेऊन राहिली व्हय?"

"तेवढेच, मावशी."

"काहून?"

"तुमचा पगार कुठं वाढला होता?"

सत्यभामाबाईंनी वाढलेल्या सगळ्या नोटा तिच्या मुठीत कोंबल्या. आजवर न मागता अमीरबीला कुणी काही वाढवून दिलं नव्हतं.

दुपारी तिनं मावशींचं दोन भाकरींचं ताट रोजच्यासारखं पोचतं केलं. मग घरी येऊन ती पुन्हा चुलीपाशी बसली आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा तिनं स्वतःसाठी दुसरी भाकरी थापली.